आधी परत म्हण

माझं टोपणनाव कुकर. कोणी ठेवलं ते अजून कळलेलं नाही, कळलं की त्याची खैर नाही. तीन शिट्ट्या झाल्या की आपोआप गार होतो, असं म्हणतात माझ्याबद्दल. म्हणू देत. अठ्ठावीस वर्षं लिफ्टची दुरुस्ती करतोय आणि एवढ्या वर्षांत माझ्यासोबतच्या एकाही माणसाचं नखसुद्धा तुटलेलं नाही. गेल्या महिन्यातल्या त्या मंगळवारपर्यंत हे मी छाती ठोकून सांगायचो.

लिफ्टचं काम जोडीनं चालतं. एक जण गच्चीवरच्या मशीन रूममध्ये, जिथे मोटर आणि बटणांचं पॅनेल असतं. दुसरा खाली शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्ट ज्या विहिरीतून वर-खाली जाते तिथे, लिफ्टच्या डब्याच्या छतावर उभा. मध्ये सात-आठ मजल्यांचा अंधार आणि दोघांच्या हातात एकेक वॉकी-टॉकी. वरच्याला खालचा दिसत नाही, खालच्याला वरचा दिसत नाही. म्हणून आमच्यात एक नियम आहे. समोरच्यानं सांगितलेलं परत म्हणायचं. मी विचारलं, "वर घेतोय, मोकळा आहेस?" तर नुसतं 'हो' चालत नाही. "वर घे. मी मधोमध उभा आहे, हातपाय आत, पिशवी आत." एवढं सगळं खालच्यानं म्हणायचं, आणि ते पुरतं कानावर पडल्याशिवाय वरच्यानं बटणाला बोट लावायचं नाही. ज्या उस्तादाच्या हाताखाली मी शिकलो तो यासाठी डोक्यात टपल्या मारायचा. "कान आहेत म्हणून कळलं असं समजू नकोस," म्हणायचा. "आधी परत म्हण."

माझ्या जोडीदाराला सगळे सायलेन्सर म्हणतात. हे नाव मात्र मी ठेवलंय. अकरा वर्षं आम्ही एकत्र काम करतोय, तो माझ्यापेक्षा वर्षा-दोन वर्षांनी लहान असेल. त्याच्याकडे शब्द रेशनवर मिळतात. मी बोलायचो, तो ऐकायचा, जेवणाचा डबा उघडला की माझ्याकडची भाजी त्याला आणि त्याची मला. याला मी मैत्री म्हणायचो. तो काय म्हणायचा ते मी कधी विचारलं नाही.

खाली उतरायचं काम नेहमी त्याचं. सहा वर्षांपूर्वी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून मी मशीन रूममध्ये. मशीन रूमवाल्याच्या हातात जोडीचा कारभार असतो, म्हणजे साहेबी माझ्याकडे आणि ग्रीस त्याच्या अंगाला. त्यानं एका शब्दानं कुरकुर केली नाही. निदान माझी तशी समजूत होती.

तर तो मंगळवार. नऊ मजली इमारत, पाचव्या-सहाव्या मजल्यामध्ये लिफ्ट खडखडायची. बोल्ट सैल झाले होते. सकाळपासून लिफ्ट बंद, आणि त्या इमारतीतल्या लोकांना तर जिने असतात हेच माहीत नव्हतं बहुतेक. माझा फोन वाजायचा थांबेना. एका बाईंनी तर मला माझ्या शिक्षणाबद्दल विचारलं. डोकं तापलं होतं.

मी वॉकी-टॉकीवर म्हणालो, "वर घेतोय. मोकळा आहेस?"

जरा वेळ गेला. मग आवाज आला, "हो."

बस्स, एवढंच. पुढचं आलंच नाही. मला ते कळलं होतं, हे मी इथे साफ सांगून टाकतो. माझ्या कानाला ते खटकलं, आणि तेवढ्यात परत फोन वाजला, आणि मी बटण दाबलं.

हातभर लिफ्ट वर गेली असेल. 'कच्च' असा आवाज आला. असा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता आणि परत ऐकायचा नाहीये. मी बोट काढलं. हाक मारली. उत्तर नाही. परत मारली. उत्तर नाही.

जिन्यावरून मी सातव्या मजल्यावर कसा आलो ते आठवत नाही. चावीनं दार सरकवलं आणि टॉर्च खाली मारला. तो छतावर बसला होता, मधल्या आडव्या लोखंडाला दोन्ही हातांनी मिठी मारून, डोळे मिटून. बाजूला लटकवलेली त्याची पिशवी लिफ्टचा डबा आणि भिंतीवरचं लोखंड यांच्यामध्ये चिरडली होती. तिच्यातला जेवणाचा डबा वहीएवढा चपटा झाला होता.

तो धडधाकट आहे हे दिसलं आणि माझी शिट्टी उडाली. "बहिरा झालास का रे? काय म्हणायचं असतं ते विसरलास? मरायचंय तर मर जाऊन कुठेतरी, माझ्या हातून कशाला मरतोस!" आणखीही बरंच बोललो, ते लिहिण्यासारखं नाही. मजल्यामजल्यावरची दारं उघडली, लोक बघायला आले. एवढा वेळ लिफ्टवरून कावलेली माणसं, त्यांना फुकटचा तमाशा मिळाला. तो उठला. बाहेर आला, चिरडलेली पिशवी उचलली आणि जिना उतरून गेला.

मी तसाच ऑफिसात गेलो. आमच्या शाखेच्या मुख्य बाई पूर्वी स्वतः पॅनेलचं वायरिंग करायच्या, त्यामुळे त्यांना शेंडी लावता येत नाही. मी म्हणालो, "मला जोडीदार बदलून द्या. हा माणूस नियम पाळत नाही."

"परत म्हटलं नाही त्यानं?"

"नाही."

बाईंनी चष्मा काढला. "परत न म्हटल्याचा ठपका बसला तर माणूस शाफ्टच्या कामातून कायमचा बाहेर, हे ठाऊक आहे ना? गोडाऊनमध्ये नट-बोल्ट निवडत बसेल तो. वीस वर्षांचं कसब मातीत."

"बसू दे," मी म्हणालो. "जिवंत तर राहील."

त्यांनी फॉर्म काढला. मागच्या वर्षी कंपनीनं एका शिकवणाऱ्याला बोलावलं होतं, सहकाऱ्यांशी समजुतीनं कसं बोलावं ते सांगायला. दोन दिवस आम्ही त्याची बिस्किटं खाल्ली आणि तिसऱ्या दिवशी पूर्वीसारखे एकमेकांवर ओरडायला लागलो. मागे राहिला तो हा फॉर्म. काय घडलं, तुम्हाला काय वाटलं, तुम्हाला कशाची गरज होती, तुमचं मागणं काय. मला तर हे नवरा-बायकोच्या भांडणाचं प्रकरण वाटलं. तरी लिहायला बसलो. काय घडलं? 'हलगर्जीपणा.'

बाईंनी तिथेच काट मारली. "हा निकाल झाला. कानांनी काय ऐकलंत ते लिहा."

"तो फक्त 'हो' म्हणाला."

"मग?"

"मग लिफ्ट हलली."

"आपली आपण?"

मी पेनाचं टोपण उघडलं, बंद केलं. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी ताणलं नाही, पण नजरही काढली नाही. मग दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे मी 'राग' लिहिलं होतं, खाली रेघ मारून.

"राग दिसतोय, मजल्यावरच्या लोकांनी फोन करून सांगितला मला," त्या म्हणाल्या. "त्याच्या आधी काय आलं मनात?"

"आधी काय यायचंय? मला काय कविता करायच्यात?"

"उद्या दुपारपर्यंत द्या," बाई म्हणाल्या. "पण सही करायच्या आधी हे त्याला वाचून दाखवायचं. तो जे बोलेल ते तुम्ही परत म्हणायचं, तुम्ही बोलाल ते त्यानं. तुमचाच तर नियम आहे. शाफ्टमध्ये चालतो, मग माणसात चालायला काय हरकत आहे?"

घरी आलो तो धुमसतच. बायकोनं चहा ठेवला आणि मी तिच्यासमोर पहिल्यापासून सगळं ओकलो. म्हणजे बटणाचं सोडून सगळं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "अहो, पण भाऊजी तुम्हाला सांगत होते की."

"काय सांगत होता? तो कधी काही सांगतो का?"

"महिन्याभरात दोनदा तर माझ्यासमोर म्हणाले. 'जरा काही दिवस मी वर बसू का, तू उतर.' याच खुर्चीत बसून."

मला आठवेना. मग आठवलं. "मी काय म्हणालो?"

"'का रे, म्हातारा झालास?' असं म्हणालात. आणि हात पुढे केलात टाळीसाठी." ती कप उचलून आत निघाली. "त्यांनी दिली टाळी. मला तेव्हाच कसंतरी झालं होतं."

एरवी मी म्हणालो असतो, मग तेव्हाच का नाही बोललीस. त्या दिवशी बोटांवर मोजत बसलो. दोनदा नव्हतं. कामावर धरून निदान पाच वेळा त्यानं विचारलं होतं, आणि पाचही वेळा मी एकतर विनोद केला होता नाहीतर गुडघ्यावर हात ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मी त्याच इमारतीच्या मशीन रूममध्ये गेलो. तो आधीच येऊन बसला होता, ऑइलच्या उलट्या डब्यावर. मी फॉर्म खिशातून काढला. त्याची घडी मऊ झाली होती.

"हे तुला वाचून दाखवायचंय," मी म्हणालो. "आणि बाईंनी सांगितलंय की परत म्हणायचं."

तो म्हणाला, "हं."

"हं नाही. पूर्ण म्हण."

"तुला मला वाचून दाखवायचंय आणि मी परत म्हणायचं," तो म्हणाला. त्याच्या तोंडून एका दमात एवढे शब्द मी वर्षभरात ऐकले नव्हते. दोघांनाही हसू आलं, पण ते लगेच विरलं.

मी वाचायला लागलो. 'मी विचारलं, मोकळा आहेस. तो हो म्हणाला.' इथपर्यंत कागदावर होतं. त्याच्यापुढे कोरं होतं. बाईंची ती नजर आठवली. आणि तो समोर माझ्याकडे बघत होता, पडलेल्या चेहऱ्यानं, गोडाऊनला जायची तयारी करून आलेला.

"आणि पुढचं परत न ऐकता मी बटण दाबलं," मी म्हणालो. "मला कळलं होतं की तू पूर्ण म्हटलेलं नाहीस. तरी दाबलं."

त्यानं मान वर केली. मग नियमाप्रमाणे म्हणाला, "तुला कळलं होतं. तरी दाबलंस."

"हो."

आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं फार वाईट. अठ्ठावीस वर्षं मी ते रोज ऐकतोय, पण ते 'वर घे' आणि 'खाली घे' असतं. त्याच्या आवाजात राग असता तर मी निभावलं असतं. राग नव्हता.

"पुढे काय वाटलं असं विचारलंय," मी म्हणालो. "मी राग लिहिलंय. ते खोटंय. तो आवाज आला आणि तू उत्तर देईनास, तेव्हा मला वाटलं, मी तुला मारलं. जिना उतरताना मी वहिनींना काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवत होतो." माझा आवाज फाटला. लाज वाटली, पण फाटला तर फाटला. "तू दिसलास जिवंत, आणि मग मी तुझ्या अंगावर ओरडलो."

त्यानं परत म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. नाक ओढलं. मग म्हणाला, "तुला वाटलं, तू मला मारलंस. घाबरला होतास."

"हो. आता तुझी पाळी."

तो डब्यावरून उठला, मोटरजवळ जाऊन उभा राहिला, पाठ माझ्याकडे करून. "काही झालेलं नाही रे," तो म्हणाला. "तेच तर. पडलो असतो, लागलं असतं, तर सांगता आलं असतं. तीन महिन्यांपूर्वी एका सकाळी छतावर उभा होतो आणि पाय माझं ऐकेनात. खाली अंधार आहे हे वीस वर्षं ठाऊक होतं, त्या दिवशी ते पायांना कळलं. तेव्हापासून रोज तसंच. जबडा आवळतो. काल तू विचारलंस तेव्हा 'हो' एवढंच बाहेर आलं. पुढचं येत होतं, पण येईना." तो थांबला. "मला भीती वाटते."

आता मी परत म्हणायचं होतं. सोपं काम. तीन शब्द. पण आमच्या धंद्यात हा शब्द कुणी उच्चारत नाही. शाफ्टमध्ये उतरणाऱ्या माणसानं तो उच्चारला की त्याच्याकडे सगळे वेगळ्या नजरेनं बघतात. मीही बघितलंय तसं, हसलोयसुद्धा. तो पाठमोरा उभा राहून वाट बघत होता.

"तुला भीती वाटते," मी म्हणालो. "तीन महिन्यांपासून. तू मला पाच वेळा सांगितलंस आणि मी पाच वेळा हसलो."

"सात वेळा," तो म्हणाला.

"सात वेळा."

मग तो वळला. डोळे पुसले नव्हते त्यानं. "पण एक सांग," तो म्हणाला. "काल तू धावत आलास. जिन्यावर तुझी पावलं धडाधड वाजत होती. तुझा गुडघा?"

आली का पंचाईत! मी खिडकीकडे बघितलं, पॅनेलकडे बघितलं. सुटका नव्हती. नियम मीच सांगितला होता.

"गुडघा बरा आहे," मी म्हणालो. "ऑपरेशननंतर चार महिन्यांत डॉक्टरनं शाफ्टमध्ये उतरायला हरकत नाही म्हणून सांगितलं होतं. मी गेलोही होतो एकदा, रविवारी, एकटाच, कुणी बघत नसताना. दार उघडलं आणि छतावर पाय टाकता येईना. तसाच घरी आलो. मग म्हटलं गुडघा आहेच."

परत म्हणायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही. तो नुसता बघत राहिला माझ्याकडे. आता हा मला कायम पाण्यात पाहणार, असं मला वाटलं, आणि बरोबरच होतं ते. सहा वर्षं माझी भीती मी त्याच्या डोक्यावर ठेवून त्याला खाली पाठवत होतो, आणि वरून त्याला म्हातारा म्हणत होतो.

"नालायक आहेस," तो म्हणाला.

"मी नालायक आहे," मी परत म्हटलं.

तेव्हा तो हसला. फार वेळ हसला, मग त्या डब्यावर बसून रडला, आणि मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. बोलायला काही नव्हतं, आणि मी बोललोही नाही. माझ्यासाठी हे थोडं नाही.

फॉर्म मी तिथेच, मोटरच्या झाकणावर ठेवून पुन्हा लिहिला. त्याचं लिहायच्या आधी विचारलं, "हे भीतीचं लिहू का?" तो म्हणाला, "लिहिलंस तर गोडाऊन." मी म्हणालो, "नाही लिहिलं तर उद्या परत छतावर." त्यानं कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "लिही. पण तुझंही लिही." मागणं काय या रकान्यात मी लिहिलं, 'त्याला मशीन रूम द्यावी. खाली मी उतरतो.'

बाईंनी दोनदा वाचला. पहिल्यांदा चष्मा लावून, दुसऱ्यांदा काढून. म्हणाल्या, "न ऐकता बटण दाबल्याचा ठपका तुमच्यावर. जोडीचा कारभार गेला तुमचा. मशीन रूम त्यांच्याकडे, आजपासून. तुम्ही खाली, पण आधी आठ दिवस नव्या माणसांच्या तुकडीत सुरक्षेचा पट्टा बांधून सराव करायचा, आणि पाय टाकता आला नाही तर तसं येऊन सांगायचं. गोडाऊनमध्ये जागा आहेच."

"आणि हा?"

"त्यांना ताकीद. पुढच्या वेळी सात वेळा तुम्हाला सांगत बसू नका, एकदा मला सांगा." मग त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "कळलं?"

"पुढच्या वेळी एकदा तुम्हाला सांगायचं," सायलेन्सर म्हणाला.

आठ दिवस मी पोरांच्या तुकडीत सराव केला. माझ्या निम्म्या वयाच्या माणसांनी मला पट्टा बांधायला शिकवला. टोपणनावावरून जे व्हायचं ते झालं. सहन केलं. घरी बायकोनं विचारलं, जमतंय का, आणि मी 'त्यात काय' असं म्हणणार होतो, पण म्हणालो, "तळवे घामेजतात." तिनं काही न बोलता दुसऱ्या दिवशी डब्यासोबत एक नॅपकिन जास्तीचा ठेवला.

मग तीच इमारत, तेच राहिलेले बोल्ट. मी सातव्या मजल्यावरून दार उघडलं. तो गच्चीवर, मशीन रूममध्ये. पट्टा तपासला, परत तपासला. एक पाय छतावर टाकला. दुसरा टाकला. शाफ्टमधून ग्रीसचा आणि जुन्या धुळीचा वास येत होता. पिशवी आत घेतली. दोन्ही हातांनी ते आडवं लोखंड धरलं, जिथे त्यानं धरलं होतं तिथेच.

वॉकी-टॉकी खरखरला. "वर घेतोय. मोकळा आहेस?"

मला सगळं पाठ होतं. मधोमध उभा आहे, हातपाय आत, पिशवी आत. अठ्ठावीस वर्षांचं पाठ. जबडा आवळला आणि त्यातलं एक अक्षर बाहेर पडेना. तो म्हणाला होता ते आता कळलं, की येत असतं, पण येत नाही. 'हो' तेवढं जिभेच्या टोकावर होतं. ते मी गिळलं.

"भीती वाटतेय," मी म्हणालो.

मोटर गप्प होती. मग त्याचा आवाज आला, सावकाश, एकेक शब्द नीट.

"तुला भीती वाटतेय. माझं बोट बटणावर नाही. तू म्हणेपर्यंत मी इथेच आहे."